वाढीची आज्ञा

‘कर्करोग’ हें नांव आपण इंग्रजी ‘कॅन्सर’ या शब्दावरून घडविलें, आणि तो शब्द लॅटिनच्या वाटेनें आला असला तरी कल्पना मूळ ग्रीकांची. हिप्पोक्रेटीसच्या परंपरेंतील वैद्यांनीं शरीरांतील कठीण, बरी न होणाऱ्या गांठीला खेंकड्याचें नांव दिलें; गांठीभोंवतीं फुगलेल्या शिरा त्या प्राण्याच्या पसरलेल्या पायांसारख्या दिसतात, असें स्पष्टीकरण पुढें गॅलेननें केलें. आपल्या सुश्रुतानें अशा गांठीला अर्बुद म्हटलें आहे. अर्बुदांत खेंकडा नाहीं, नुसती वाढ आहे. आणि आज जें ज्ञान झालें आहे त्याच्या प्रकाशांत पाहतां आमच्या जुन्या शब्दाची निवड अधिक खरी होती असें म्हणावें लागतें. नांव हें नुसतें नांव राहत नाहीं, तें विचाराला वळण लावतें. खेंकडा म्हटला कीं कोठून तरी बाहेरून आलेला, आंत शिरून पोखरणारा परका जीव डोळ्यांपुढें उभा राहतो. घरांत कोणाला हा रोग झाल्याचें कळलें म्हणजे पहिला प्रश्न उठतो तोहि असाच: हें आलें कोठून?

गेल्या शंभर वर्षांतील शोधांनीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें आहे तें ऐकण्यास सुखाचें नाहीं. तंबाखूचा धूर, प्रखर सूर्यकिरण, कांहीं विषाणु हीं निमित्तें बाहेरचीं खरीं. परंतु तीं निमित्तें ज्या वस्तूंत बिघाड करतात ती वस्तु आपलीच असते. ज्या आज्ञांमुळें गर्भाचा देह घडतो, मुलाचे दांत उगवतात, कापलेलें बोट भरून येतें, त्याच आज्ञा अवेळीं व अखंड चालूं राहिल्या म्हणजे त्या स्थितीला आपण कर्करोग म्हणतों. हें उत्तर कसें सांपडलें त्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. कारण तें शोधणाऱ्यांपैकीं बरेचसे लोक कर्करोगाचा विचारच करीत नव्हते.

बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोनें १८५८ सालीं प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते हा सिद्धान्त प्रसिद्धीस आणला, तेव्हांच रोगट गांठीच्या पेशी आकाशांतून पडत नाहींत, त्या शरीराच्याच पेशींच्या संतति होत, हें तत्त्वतः ठरून गेलें होतें. पण त्यामुळें प्रश्न सुटला नाहीं, मागें सरकला मात्र. मनुष्याच्या शरीरांत सुमारें तीस लक्ष कोटि पेशी आहेत. त्यांतील प्रत्येकीच्या ठिकाणीं दुभंगण्याची शक्ति मूळची असतांना बहुतेक पेशी निमूटपणें स्वस्थ बसतात, हेंच खरें आश्चर्य आहे. विळीवर भाजी चिरतांना बोट कापलें तर कडेच्या पेशी जाग्या होतात, वाढतात, खांच भरून काढतात, आणि जखम भरली कीं थांबतात. त्यांना ‘वाढा’ असें कोण सांगतें? आणि ‘पुरे’ असें कोण सांगतें? या प्रश्नाचा पहिला धागा सांपडला तो इटलींतील तुरीन शहरीं, एका तरुणीच्या निजावयाच्या खोलींत.

रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचा जन्म तुरीन येथें १९०९ सालीं एका सुखवस्तु यहुदी कुटुंबांत झाला. मुलींनीं विश्वविद्यालयाची पायरी चढूं नये असें वडिलांचें मत होतें. आपल्याकडील त्या काळच्या वडीलधाऱ्यांना तें मत अपरिचित वाटलें नसतें! घरांतील जिच्या अंगाखांद्यावर मुलें वाढलीं ती दाई पोटाच्या कर्करोगानें गेली, तेव्हां रीटानें वैद्यक शिकण्याचा निश्चय केला; वडिलांचें मन वळविलें, आणि आठ महिन्यांत लॅटिन, ग्रीक व गणित यांची तयारी करून वैद्यकशाळेंत प्रवेश मिळविला. तेथें ज्युझेप्पे लेव्ही या करारी गुरूच्या हाताखालीं तिला मज्जातंतूंच्या अभ्यासाची गोडी लागली. या एकाच गुरूचे तीन शिष्य, लुरिया, डुल्बेको आणि रीटाबाई, पुढें नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. हा योग दुर्मिळ खराच.

१९३८ सालीं मुसोलिनीच्या राजवटीनें वंशभेदाचे कायदे केले. यहुदी अध्यापक व संशोधक यांना विश्वविद्यालयांतून काढून टाकण्यांत आलें, त्यांचे लेख छापण्यास नियतकालिकांना बंदी झाली. रीटाबाई कांहीं काळ ब्रुसेल्सला जाऊन राहिल्या, परंतु जर्मन सैन्य बेल्जमवर चालून येण्याच्या सुमारास त्यांना परतावें लागलें. १९४० सालच्या उन्हाळ्यांत, गुरें वाहून नेण्याच्या डब्यांतून आगगाडीचा प्रवास चालला असतां त्यांनीं व्हिक्टर हॅम्बर्गर नांवाच्या शास्त्रज्ञाचा १९३४ सालचा एक निबंध वाचला. कोंबडीच्या गर्भाच्या पंखाचा अंकुर कापून टाकला तर त्या पंखाकडे जावयाचे मज्जातंतु ज्या पेशींपासून निघतात त्या पेशी खुरटतात, असें त्यांत दाखविलें होतें. हा हॅम्बर्गर स्वतः जर्मनीचा. अमेरिकेंत शिष्यवृत्तीवर गेला असतां १९३३ सालीं नाझी कायद्यानें त्याची फ्रायबुर्गची जागा गेली आणि तो तिकडेच राहिला. एका निर्वासितानें लिहावें आणि दुसरीनें वाचावें, असा हा प्रसंग होता.

पुढें रीटाबाईंनीं आपल्या खोलींत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घांसून शस्त्रें केलीं. घड्याळजीचा चिमटा व नेत्रवैद्याची कातर आणली. आसपासच्या शेतकऱ्यांकडे त्या फळलेलीं अंडीं मागत, तीं मुलांना अधिक पौष्टिक असतात म्हणून सांगत, आणि गर्भ काढून घेतल्यावर उरलेला बलक युद्धाच्या टंचाईंत स्वयंपाकघरांत जाई. गुरु लेव्ही हेहि परांगदा होऊन परत आले होते. ते आतां शिष्येचे मदतनीस झाले. तुरीनवर बाँब पडूं लागले तेव्हां हें सारें चंबूगबाळें खेड्यांत हलविण्यांत आलें. या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष हॅम्बर्गरच्या निष्कर्षाहून निराळा होता. अंकुर कापल्यावर मज्जापेशी तयार होत नाहींत असें नाहीं. त्या तयार होतात, तंतु फेंकतात, पण पलीकडून त्यांना जें कांहीं मिळावयास हवें तें न मिळाल्यामुळें मरतात. तें ‘कांहीं’ काय असावें, याचें उत्तर त्या वेळीं कोणापाशींच नव्हतें. इटलींत छापण्याची सोय नसल्यामुळें हे निबंध बेल्जममध्यें प्रसिद्ध झाले. १९४३ सालीं जर्मनांनीं इटलीचा ताबा घेतल्यावर हें कुटुंब फ्लॉरेन्सला खोट्या नांवानें लपून राहिलें. शहर मुक्त झाल्यावर रीटाबाईंनीं निर्वासितांच्या छावणींत डॉक्टर म्हणून काम केलें.

ते निबंध हॅम्बर्गरच्या वाचनांत आले. आपल्या मताचें खंडन करणारीला त्यानें १९४७ सालीं सेंट लुई येथें आपल्याच प्रयोगशाळेंत बोलावून घेतलें. विद्वानांच्या जगांत खंडनाला असें उत्तर क्वचित् मिळतें. थोड्या महिन्यांसाठीं म्हणून गेलेल्या रीटाबाई तेथें तीस वर्षें राहिल्या.

येथें कर्करोग प्रथम रंगभूमीवर येतो, आणि तोहि पाहुण्याच्या भूमिकेंत. हॅम्बर्गरच्या एका जुन्या शिष्यानें, एल्मर ब्यूकरनें, १९४८ सालीं असा प्रयोग प्रसिद्ध केला कीं, उंदरावर वाढविलेली सार्कोमा जातीची एक मारक गांठ कोंबडीच्या गर्भांत कलम केली असतां गर्भाचे मज्जातंतु त्या गांठीकडे धांव घेतात. त्याला वाटलें, गांठीला जागा पुष्कळ, म्हणून तंतूंची गर्दी. रीटाबाईंनीं प्रयोग पुन्हां केला आणि त्यांना दिसलें तें भलतेंच होतें. तंतु केवळ गांठींत नव्हे, तर गर्भाच्या इतर अवयवांत, शिरांच्या पोकळींतसुद्धां, वाट फुटेल तिकडे शिरले होते. मग त्यांनीं गांठ गर्भाच्या अंगाला न लावतां अंड्याच्या आंतील आवरणावर ठेवली, जेणेंकरून दोहोंचा संबंध फक्त रक्तापुरता राहील. तरीहि तोच परिणाम! म्हणजे गांठींतून कांहीं तरी द्रव्य पाझरत होतें आणि रक्तांतून जाऊन मज्जापेशींना वाढीची आज्ञा देत होतें.

हें सिद्ध करण्यासाठीं शरीराबाहेर कांचपात्रांत पेशी वाढविण्याची विद्या हवी होती. (आपल्याकडे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत ही विद्या पुढें डॉ. कमल रणदिवे यांनीं रुजविली.) सेंट लुईंत ती सोय नव्हती, रिओ दि जानेरो येथें रीटाबाईंची एक मैत्रीण हें काम करीत असे. म्हणून १९५२ सालीं गांठी झालेले दोन उंदीर हातपिशवींत घालून बाई विमानानें ब्राझीलला गेल्या. तेथें मज्जापेशींचा पुंजका गांठीच्या तुकड्याजवळ ठेवतांच एका दिवसाच्या आंत त्याच्याभोंवतीं तंतूंचें तेजोवलय फुटलें. देवाच्या चित्रांतील प्रभावळच जणूं. परंतु त्याबरोबर एक निराशाहि पदरांत पडली. उंदराचें निरोगी मांस ठेवलें तरी थोडाबहुत तसाच परिणाम दिसूं लागला. कर्करोगाच्या गांठींत कांहीं अलौकिक द्रव्य आहे ही समजूत त्यामुळें डळमळली. आज मागें वळून पाहतां असें वाटतें कीं, ज्या गोष्टीनें त्या हिरमुसल्या तीच या साऱ्या शोधांतील सर्वांत मोठी गोष्ट होती. गांठीपाशीं जें होतें तें निरोगी देहापाशींहि होतेंच. गांठ फक्त त्याची उधळपट्टी करीत होती.

तें द्रव्य वेगळें काढण्याचें काम स्टॅन्ले कोहेन या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे आलें. ब्रुकलिनमधील एका गरीब शिंप्याचा हा मुलगा. विद्यार्थिदशेंत गांडुळांच्या देहांतील रसायनाचा अभ्यास करण्यासाठीं त्यानें रात्रीं विश्वविद्यालयाच्या हिरवळीवरून पांच हजारांवर गांडुळें वेंचलीं होतीं, यावरून त्याच्या चिकाटीची कल्पना यावी. गांठीचा अर्क प्रथिनाचा कीं न्यूक्लिक आम्लाचा हें ठरविण्यासाठीं त्यानें त्यांत थोडें सर्पविष मिसळलें. विषांतील एक एन्झाइम न्यूक्लिक आम्लाचे तुकडे करतें, म्हणून परिणाम नाहींसा झाला तर निकाल लागला, असा हिशेब होता. परिणाम नाहींसा झाला नाहीं. तो कितीतरी पटीनें वाढला. म्हणजे सर्पविषांतच तें द्रव्य भरपूर होतें. तेव्हां कोहेननें विचार केला कीं सापाची विषग्रंथि ही शेवटीं लाळेचीच ग्रंथि. मग उंदराच्या लाळग्रंथींत काय असेल? १९५८ सालीं नर उंदराच्या हनुवटीखालच्या ग्रंथींत द्रव्याची खाणच लागली. तें एक प्रथिन होतें. त्याला ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हें नांव मिळालें. आपण त्याला मज्जातंतूंचा वृद्धिघटक म्हणूं. त्याला मारणारें प्रतिद्रव्य नवजात उंदरांना टोंचलें तेव्हां त्यांच्या मज्जासंस्थेचा एक सबंध भाग नष्ट झाला, आणि हा घटक गांठीची विकृति नसून देहाची गरज आहे याविषयीं शंका उरली नाहीं.

तरी एक गोष्ट कोहेनच्या मनांत सलत होती. लाळग्रंथीचा कच्चा अर्क दिलेल्या उंदरांच्या पिलांचे डोळे सहा-सात दिवसांतच उघडत. एरवीं त्याला दुप्पट काळ लागतो. दांतहि लवकर उगवत. शुद्ध केलेल्या मज्जातंतु-घटकानें मात्र असें होत नसे. दुसरा कोणी असता तर अर्कांतील भेसळीचा दोष म्हणून त्यानें ही गोष्ट सोडून दिली असती. १९५९ सालीं सेंट लुईहून नॅशव्हिलला जातांना कोहेन ही भेसळच बरोबर घेऊन गेला, आणि १९६२ सालीं तींतून त्यानें दुसरें प्रथिन शुद्ध केलें. हें त्वचेच्या व तत्सदृश पेशींना वाढीस लावतें. ५३ दुव्यांची ही लहानशी सांखळी आहे. पिलाचे डोळे लवकर उघडतात ही इतकी क्षुद्र बाब! पुढें कर्करोगाच्या मुळाशीं पोंचण्याचा रस्ता या पापण्यांवरूनच गेला.

आतां दुसऱ्या प्रवाहाकडे वळलें पाहिजे, आणि योगायोग असा कीं त्याच्याहि उगमाशीं कोंबडीच आहे. १९०९ सालीं, म्हणजे रीटाबाईंच्या जन्मवर्षींच, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस याच्याकडे छातींत गांठ झालेली एक कोंबडी आली. ती गांठ कुटून त्यानें तिचा रस इतक्या बारीक गाळणींतून गाळला कीं एकहि पेशी पार होऊं नये. तरी त्या रसानें दुसऱ्या कोंबड्यांना तशीच गांठ झाली. १९११ सालीं त्यानें हें छापलें. कोणी फारसें मानलें नाहीं. कोंबडीचा रोग म्हणजे माणसाचा रोग नव्हे, असें म्हणून विद्वानांनीं तें बाजूला ठेवलें, आणि राउसनेंहि कांहीं वर्षांनीं हा नाद सोडला. पंचावन्न वर्षांनंतर, १९६६ सालीं, त्याला सत्त्याऐंशीव्या वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या प्रसंगीच्या व्याख्यानांत त्या वृद्धानें पेशींच्या स्वतःच्या आनुवंशिक द्रव्यांत बिघाड होऊन कर्करोग होतो या मताची चांगलीच हजेरी घेतली. दहाच वर्षांनीं त्याच्याच कोंबडीनें तें मत खरें ठरविलें.

झालें तें असें. राउसच्या विषाणूंतील एकच जनुक गांठ उत्पन्न करतें, हें १९७० नंतर स्पष्ट झालें. त्या जनुकाला ‘सार्क’ म्हणतात. सॅन फ्रॅन्सिस्को येथें मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि फ्रान्सहून आलेला डॉमिनिक स्टेहेलिन यांनीं तें जनुक आणखी कोठें सांपडतें तें पाहिलें. १९७६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं तें कोणत्याहि निरोगी कोंबडीच्या पेशींत आहे. बदकांत आहे, एमू पक्ष्यांत आहे. पुढें तें सस्तन प्राण्यांत व माणसांतहि सांपडलें. विषाणूनें रोग आणला नव्हता. त्यानें कोंबडीच्या घरांतलीच वस्तु कधीं काळीं उचलली होती, आणि तीच बिघडवून परत आणून दिली होती. खेंकड्याच्या कल्पनेला यापेक्षां मोठा धक्का बसला नसेल.

परंतु हें जनुक निरोगी पेशींत करतें काय? त्याचें प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा लहानसा कण जोडतें, एवढें १९७८ सालीं कळलें होतें. जुन्या दरबारांत कागदावर मोहर उठविली कीं तो कागद अंमलांत येई; पेशींत हें काम फॉस्फेट करतें. मोहर बसली कीं प्रथिन कामाला लागतें, पुसली कीं थांबतें. ही मोहर कोठें बसते याचा शोध कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत टोनी हंटर यानें १९७९ सालीं लावला, आणि तो थोडासा आळसाच्या कृपेनें लागला. पदार्थ वेगळे करण्याचें द्रावण ताजें न करतां त्यानें जुनेंच वापरलें. त्याची आम्लता बदललेली होती. त्यामुळें जेथें एक ठिपका दिसावयाचा तेथें दोन दिसले. दुसरा ठिपका टायरोसीन नांवाच्या दुव्यावरील मोहरेचा होता, आणि तसली मोहर तोंपर्यंत कोणी पाहिली नव्हती. वर्षभरांत सार्कचीहि मोहर टायरोसीनवरचीच असल्याचें सिद्ध झालें. आणि १९८० सालीं नॅशव्हिलहून कोहेननें कळविलें कीं, त्याच्या वृद्धिघटकाचा निरोप पेशींत पोंचतो तोहि याच मोहरेनें.

येथें दोन प्रवाह एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यांत आले. वृद्धिघटक पेशींत शिरत नसतांहि काम कसें करतो, तें आधीं समजून घेतलें पाहिजे. वृद्धिघटक हा निरोप्या. वाड्याच्या देवडीवर एक पहारेकरी उभा आहे. त्याचें अर्धें अंग बाहेर, अर्धें आंत. हें प्रथिन पेशीच्या पडद्यांत रोंवलेलें असतें. त्याला ग्राहक म्हणतात. निरोप्या बाहेरच्या हाताला बिलगला कीं असे दोन पहारेकरी जोडीनें उभे राहतात, आंतल्या बाजूस परस्परांवर मोहर उठवितात, आणि मग आंतले कारकून निरोप हातोहात पेशीच्या केंद्रापर्यंत नेतात. निरोप्या नसेल तर पहारेकरी गप्प. निरोगी देहाचें सारें स्वास्थ्य या गप्प बसण्यांत आहे.

१९८३ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या मायकेल वॉटरफील्डच्या मंडळीनें आणि कॅलिफोर्नियांतील रसेल डूलिटलच्या मंडळीनें जवळजवळ एकाच वेळीं एक गोष्ट जाहीर केली. रक्त गोठतांना त्यांतील प्लेटलेट नांवाचे कण एक वृद्धिघटक सोडतात, हें रसेल रॉस व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं दाखविलें होतें. कापलेलें बोट भरून आणणाऱ्यांपैकीं हा एक. माकडांत गांठ उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें जनुक म्हणजे याच घटकाचें जनुक, असें प्रथिनांच्या दुव्यांची यंत्रगणकावर तुलना करतां आढळून आलें. जखम नसतांना जखमेचा निरोप अखंड चालूं ठेवणें, एवढीच त्या विषाणूची करामत होती. पुढच्याच वर्षीं वॉटरफील्ड व त्याचा तरुण सहकारी ज्युलियन डाउनवर्ड यांनीं दुसरा गड घेतला. कोहेनच्या घटकाचा ग्राहक त्यांनीं एका मानवी कर्करोगाच्या पेशींतून आणि बाळंतिणीच्या वारेंतून शुद्ध केला होता. त्याचे दुवे वाचतां कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशीं ते जुळले. भेद एवढाच कीं विषाणूच्या प्रतींत पहारेकऱ्याचें बाहेरचें अंग तुटलेलें होतें. निरोप्या आला कीं नाहीं हें कळण्याचें साधन त्याला राहिलें नव्हतें. तो ‘आला, आला’ अशी ललकारी अहोरात्र देत होता.

आमच्या मतें या इतिहासांतील कळसाचा क्षण हा. रीटाबाईंनीं मारक गांठींतून वाढीचें द्रव्य पाझरतांना पाहिलें त्याला तीस वर्षें होऊन गेलीं होतीं; राउसच्या कोंबडीला पाऊणशें. आतां कळलें कीं दोघेहि एकच यंत्र दोन बाजूंनीं पाहत होते. निरोप्या, पहारेकरी किंवा आंतला कारकून, कोणींहि गप्प बसण्याची शक्ति गमावली तरी परिणाम एकच. माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगांत ‘रास’ नांवाच्या अशाच एका कारकुनाच्या जनुकांतील एक, अवघें एक, अक्षर बदललेलें असतें, हें १९८२ सालीं दिसून आलें होतें. अर्थात् एवढ्यानें कर्करोग पुरा होत नाहीं. असे कित्येक बिघाड एकाच पेशीच्या वंशांत सांठावे लागतात, ‘पुरे’ म्हणणारीं जनुकेंहि बिघडावीं लागतात, आणि म्हणूनच हा रोग बहुधा उतारवयांत होतो.

१९८६ सालचें नोबेल पारितोषिक रीटाबाई व कोहेन यांना मिळालें. १९८९ सालचें बिशप व व्हार्मस यांना. पहिल्या वेळीं हॅम्बर्गर वगळला गेला, दुसऱ्या वेळीं स्टेहेलिन. स्टेहेलिननें जाहीर तक्रार केली. हॅम्बर्गरविषयीं त्याच्या चाहत्यांना वाटलेली हळहळ आम्हांस रास्त वाटते. प्रश्न त्याचा होता, प्रयोगशाळा त्याची होती, आणि ती दुसरीला मोकळी करून देण्याचें औदार्यहि त्याचेंच. तो २००१ सालीं शंभर वर्षांचा होऊन वारला. रीटाबाई मायदेशीं परतल्या, २००१ सालीं इटलीच्या तहहयात सेनेटर झाल्या आणि २०१२ सालीं एकशें तीन वर्षांच्या होऊन गेल्या. ज्या राज्यानें त्यांना प्रयोगशाळेंतून हाकलून दिलें त्या राज्याला जाऊन तोंपर्यंत सात दशकें होत आलीं होतीं.

रोग्याच्या खाटेपर्यंत या ज्ञानाचा उपयोग पोंचावयास आणखी दहा-पंधरा वर्षें लागलीं. कोहेनच्या ग्राहकाला एक भावंड आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या कांहीं रोग्यांत त्याचें जनुक वाजवीपेक्षां कितीतरी अधिक प्रतींत असतें व तो रोग अधिक उग्र असतो, असें डेनिस स्लॅमन यानें १९८७ सालीं दाखविलें. त्या ग्राहकाला अडविणारें ट्रॅस्टुझुमॅब हें औषध १९९८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. रक्ताच्या एका कर्करोगांत बिघडलेल्या टायरोसीन-मोहरेला थोपविणारें इमॅटिनिब २००१ सालीं आलें, आणि ज्या रोगांत वर्षें मोजावीं लागत तेथें रोगी गोळी घेऊन दशकें जगूं लागले. याच औषधाच्या नव्या रूपाला पेटंट देण्याचें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं नाकारलें, त्यामुळें देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. मध्यमवर्गीय घरांत औषधाची किंमत हा देखील रोगाचाच एक भाग असतो, हें ज्यानें सोसलें आहे त्याला सांगावयास नको.

मात्र विजयाचीं नगारे फार जोरानें वाजविण्याचें कारण नाहीं. फुप्फुसाच्या कर्करोगांत कोहेनच्याच ग्राहकाचें जनुक कांहीं रोग्यांत बिघडलेलें असतें, विशेषतः आशियांतील धूम्रपान न करणाऱ्यांत, हें २००४ सालीं कळलें. त्यांना त्या ग्राहकाला अडविणारी गोळी दिली तर गांठ आश्चर्यकारक रीतीनें वितळते. पण पुष्कळांच्या बाबतींत वर्ष-दीड वर्षांत ती पुन्हां डोकें वर काढते. ग्राहकाच्या रचनेंत आणखी एक अक्षर बदललेलें असतें आणि गोळीला बसावयास जागाच उरत नाहीं, हें २००५ सालीं उघड झालें. मग नवी गोळी, मग नवा बदल. शिवाय या औषधांनीं तोंडावर व अंगावर मुरमांसारखे फोड उठतात, कातडी कोरडी पडते. कित्येकांच्या पापण्यांचे केंस मात्र लांब व दाट वाढूं लागतात. उंदराच्या पिलाच्या पापण्या ज्या आज्ञेनें वेळेआधीं उघडल्या, तीच आज्ञा येथें अडविलेली असते. गांठीची आज्ञा आणि कातडीची आज्ञा निराळी नसल्यामुळें एकीवर घातलेला घाव दुसरीवरहि बसतो.

रीटाबाईंच्या मज्जातंतु-घटकाचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. त्याचा ग्राहक कोण, हें फार वर्षें नीट उलगडेना. इकडे १९८६ सालीं मारियानो बार्बासिड याच्या मंडळीनें माणसाच्या आंतड्याच्या कर्करोगांतील एका बिघडलेल्या जनुकाची रचना प्रसिद्ध केली होती. त्याचें एक टोंक भलत्याच जनुकाचें होतें आणि दुसरें कोणा अज्ञात ग्राहकाचें. ‘ट्रक’ असें त्याचें नांव पडलें. १९९१ सालीं कळलें कीं तो अज्ञात ग्राहक म्हणजे मज्जातंतु-घटकाचाच. उंदराच्या गांठीपासून निघालेली वाट माणसाच्या गांठीपाशीं येऊन पोंचली, तेव्हां बाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. या जोडजनुकामुळें होणारे कर्करोग थोडे असतात, पण ते तान्ह्या मुलांतहि आढळतात. त्यांवरील लारोट्रेक्टिनिब हें औषध २०१८ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत मान्य झालें. तें देतांना गांठ फुप्फुसांत आहे, लाळग्रंथींत आहे कीं आंतड्यांत, हें पाहत नाहींत. कोणती आज्ञा बिघडली आहे तेवढेंच पाहतात.